कामेआरीच्या बागेसमोरच्या हवालदारासाठी एक खुलं पत्र

प्रति,
मंगा संपादक आणि परदेशी हक्कांचं काम पाहणारी मंडळी, शुएईशा, चियोदा, तोक्यो
तसंच
संपादक मंडळ, व्हिझ मीडिया, सॅन फ्रान्सिस्को

विषय : ‘कोचिकामे’ इंग्रजीत आणण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. वाचायचं तर तुम्हाला आधी कुणाकडून तरी भाषांतर करून घ्यावं लागेल. हा त्रास मुद्दाम देतोय असं नाही, पण झालाच तर मला फार वाईट वाटणार नाही. तुमच्या एका मालिकेपायी हाच त्रास मी गेली कित्येक वर्षं काढतोय. एका हातात शब्दकोश, दुसऱ्या हातात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ११० येनला घेतलेला खंड, आणि एका पानाला अर्धा तास.

मालिका कुठली ते तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या मराठी मंडळींसाठी सांगतो. ‘कोचिरा कात्सुशिका-कु कामेआरी कोएन-माए हाशुत्सुजो’, म्हणजे साधारण ‘कात्सुशिका वॉर्डातली कामेआरी बागेसमोरची पोलीस चौकी’, लाडाचं नाव ‘कोचिकामे’. तिथल्या एका उचापत्या हवालदाराची विनोदी मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा. लेखक-चित्रकार ओसामु आकिमोतो. १९७६ साली शुएईशाच्या ‘साप्ताहिक शोनेन जंप’मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये थांबली. मधल्या चाळीस वर्षांत एका आठवड्याचाही खाडा नाही. हे त्या साप्ताहिकात, जिथे वाचकांच्या पसंतीची पत्रं दर आठवड्याला मोजली जातात आणि नवी मालिका चालली नाही तर काही महिन्यांत गाशा गुंडाळायला लावतात. संपली त्याच दिवशी २००वा खंड बाजारात आला आणि एकाच मंगा मालिकेच्या सर्वाधिक खंडांचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला. २०२१ च्या जुलैत ‘गोल्गो १३’ या दुसऱ्या लांबलचक मंगा मालिकेने २०१वा खंड काढून तो विक्रम मोडला. ऑक्टोबरमध्ये कोचिकामेनेही २०१वा काढला.  नायकाच्या स्वभावाला शोभेल असाच डाव.

जपानमध्ये या मालिकेच्या पंधरा कोटींहून जास्त प्रती छापल्या गेल्या. तैवानमध्ये ती चिनी भाषेत पोचली. इंग्रजीत मात्र या मालिकेचे खंड आजवर निघालेले नाहीत. त्याच साप्ताहिकातल्या ‘वन पीस’चे शंभरावर खंड तुम्ही व्हिझवाल्यांनी इंग्रजीत काढलेत. हिचा एकही नाही.

आता मी कोण, हे विचाराल. मी काळाचौकीचा. लहानपणी हंगामा टीव्हीवर शिनचॅन, डोरेमॉन यांच्याबरोबर कोचिकामे हिंदीत लागायचं, तेव्हापासूनचा हा लोभ. माझा मामा मुंबई पोलिसात हवालदार होता, नायगावच्या पोलीस वसाहतीत राहायचा. सुट्टीत मी त्याच्याकडे असायचो. रात्रपाळी करून आला की तो आंघोळ करून बनियनवर बसायचा आणि चहा पिता पिता माझ्याबरोबर कार्टून बघायचा. बाकीची कार्टूनं त्याला पोरखेळ वाटायची. पण हे लागलं की चहा गार व्हायचा.

पडद्यावर र्योत्सु कानकिची. दोन्ही डोळ्यांवर मिळून एकच जाड भुवई, गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायांत बुटांऐवजी चपला. चौकीत बसून प्लास्टिकची मॉडेलं जोडतोय, घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावतोय, कुणाला तरी गंडवून रातोरात लखपती व्हायचा बेत करतोय, आणि शेवटी पुरता तोंडघशी पडतोय. मामा पहिल्या दिवशी पाच मिनिटं गप्प बसून पाहत राहिला आणि म्हणाला, “गणवेशावर चपला? ह्याची बदली गडचिरोलीला करायला पाहिजे.” मग एका भागात बोनसचा दिवस आला. चौकीबाहेर उधारीवाल्यांची रांग – खानावळवाला, खेळण्यांच्या दुकानाचा मालक, दारूवाला – आणि र्योत्सु मागच्या बाजूने पळायच्या तयारीत. मामा इतका हसला की मामी आतून बघायला आली. “आमच्याकडे पण पगाराच्या दिवशी सोसायटीचा हप्ता कापला की हीच गत,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने पोलीस ठाण्यात सांगितलंही असावं, कारण पुढच्या रविवारी शेजारचे दोन हवालदार बरोब्बर त्याच वेळेला “सहज” आले.

नायगावच्या त्या तिघांपैकी कुणालाही कामेआरी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. जपानच्या नकाशावर तोक्यो तरी त्यांना दाखवता आलं असतं की नाही, शंका आहे. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण या मालिकेबद्दल नेहमी ऐकू येणारा आक्षेप मला माहीत आहे. फार स्थानिक आहे. बाहेरच्याला कळणार नाही.

स्थानिक आहे, यात वादच नाही. आकिमोतोंचा जन्म १९५२ चा, त्याच कात्सुशिका वॉर्डातला. तोक्योच्या पूर्वेकडचा, नदीकाठचा, सखल भाग. कारागीर, छोटे कारखाने, बैठी घरं, दाटीवाटी. जपानीत याला ‘शितामाची’ म्हणतात, शब्दशः खालचं गाव. र्योत्सुचं माहेर म्हणा हवं तर, ते आसाकुसाचं. घरी त्सुकुदानीचं दुकान. छोटे मासे, शेवाळ वगैरे सोया सॉस आणि साखरेत आटवून केलेलं, भाताबरोबर तोंडी लावायचं. लहानपण गल्लीत भोवरे फिरवण्यात आणि सणाला मिकोशी, म्हणजे देवाची पालखी, खांद्यावर घेण्यात गेलेलं. ज्यांनी लालबाग-परळमध्ये किंवा पुण्याच्या पेठांत बालपण काढलंय त्यांना हा मुलगा ओळखायला पहिलं पान पुरे.

कंपनीने मला दोन वर्षं तोक्योला पाठवलं तेव्हा मी निशी-कासाईला राहायचो, जिथे निम्मे भारतीय राहतात असं वाटतं. पोचल्यावरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मी कामेआरी गाठलं. तोझाई लाईनने ओतेमाची, तिथून चियोदा लाईन. तीच गाडी पुढे अयासेनंतर जोबान लाईनवर जाते आणि पुढचंच स्टेशन कामेआरी. उतरलो तर र्योत्सु हजर. ब्राँझचा. स्टेशनच्या आसपास त्या मालिकेतल्या पात्रांचे डझनाहून जास्त पुतळे आहेत. दक्षिणेच्या बाहेर पडायच्या दारापाशी तो सणाच्या वेषात आहे. बागेत गेलो. तिथे बाकावर तो टेकलाय, शेजारी जागा मोकळी ठेवून. एक आजोबा आले, काही न बोलता त्याच्या शेजारी बसले, पिशवीतून दही-दुधाचं छोटं पुडकं काढून प्यायले आणि निघून गेले. त्यांना फोटो काढायचा नव्हता. रोजची बसायची जागा असावी.

गंमत म्हणजे कामेआरीची बाग खरी आहे, पण बागेसमोर चौकीच नाही. खरी चौकी स्टेशनच्या उत्तर बाजूला. आणि गावाच्या नावाची गोष्ट तर मला तिथल्या माहितीफलकावरून कळली आणि मी तिथल्या तिथे हसलो. ‘कामे’ म्हणजे कासव, ‘आरी’ म्हणजे आहे. कासव आहे. पण जुनं नाव ‘कामेनाशी’ होतं, कासव नाही. ‘नाही’ हा शब्द गावाच्या नावात अपशकुनी, म्हणून सतराव्या शतकात बदलून ‘आहे’ केलं. आता हे मराठी माणसाला कोण समजावणार? आम्ही निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तर ‘वाढवली’. डब्यातले तांदूळ संपले तरी ‘तांदूळ वाढले’. कासव नसलेल्या गावाला कासव आहे म्हणणाऱ्या लोकांशी आमचं जमायला काय हरकत?

तुमच्या बाजूने काय अडचणी असतील याचा मी अंदाज बांधू शकतो. २०० खंड म्हणजे ४० हजार पानांच्या घरात मजकूर. कुठला प्रकाशक पहिल्या खंडापासून सुरुवात करून वीस वर्षं वाट पाहील? शिवाय १९७६ मधली चित्रं आजच्या वाचकाला कच्ची वाटतात. त्या काळात आकिमोतो तर स्वतःच्या नावानेही लिहीत नव्हते. तेव्हा गाजत असलेल्या एका विनोदी चित्रकाराच्या नावाची फिरकी घेणारं टोपणनाव त्यांनी लावलं होतं आणि नंतर खऱ्या नावावर आले. सुरुवातीचा र्योत्सु ऊठसूट पिस्तूल काढतो. बायकांबद्दलचे आणि इतरही कितीतरी विनोद आज खपणार नाहीत, खपूही नयेत. उलट टोकाला, शेवटच्या पन्नास-साठ खंडांत पात्रांची इतकी गर्दी झालीय की कोण कुणाचा भाऊ हे मलाही आठवत नाही. एखाद्या नव्या खेळण्याची किंवा फोनची माहिती देत र्योत्सु पानभर बोलत सुटतो, फुगा चित्रावर मावत नाही. ही सगळी माझी लाडकी मालिका आहे म्हणून मी झाकून ठेवणार नाही.

पण म्हणून अख्खीच्या अख्खी नकोच आहे मला. कोचिकामे म्हणजे सुट्या गोष्टींची मालिका. एक गोष्ट साधारण वीसेक पानांची, स्वतंत्र. पुढचंमागचं माहीत नसलं तरी चालतं. मागून पुढे वाचा, पुढून मागे वाचा. जपानीत तुम्ही स्वतःच निवडक गोष्टींच्या आवृत्त्या काढल्यात. आणि इंग्रजीतही हा मार्ग मळलेला आहे. व्हिझच्या मंडळींनी ‘ओइशिनबो’ ही खाण्यापिण्यावरची लांबलचक मालिका २००९ ते २०१० मध्ये सात विषयवार खंडांत आणली. भात एका खंडात, साके एका खंडात, रामेन एका खंडात. ‘गोल्गो १३’चेही निवडून तेरा खंड काढले. ज्यांनी कोचिकामेचा विक्रम मोडला त्यांना इंग्रजीत तेरा खंड मिळतात आणि आमच्या हवालदाराला शून्य. हा अन्याय आहे असं म्हणत नाही, पण मामा म्हणाला असता.

तेव्हा मागणी अशी. दहा-बारा निवडक खंड. ते कसे निवडावेत याबद्दल माझी मतं आहेत, ऐकून घ्या.

सगळ्यात आधी चिमण्यांची गोष्ट.

तोक्योच्या सेंजु भागात १९२६ साली एक औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. त्याच्या चार चिमण्या, ऐंशी मीटरहून उंच. त्या चपट्या शंकरपाळ्यासारख्या मांडलेल्या होत्या, त्यामुळे बघणारा कुठे उभा आहे त्यावर त्या कधी चार, कधी तीन, कधी दोन आणि एका ठिकाणाहून तर एकच दिसायची. लोक त्यांना ‘ओबाके एन्तोत्सु’ म्हणत. भुताटकीच्या चिमण्या. रेल्वेतून जाताना डब्यातली पोरं मोजायची, आणि मोजता मोजता संख्या बदलायची. १९६३ मध्ये केंद्र बंद पडलं. पुढच्या वर्षी, म्हणजे तोक्योत ऑलिम्पिक झालं त्याच १९६४ साली, चिमण्या पाडल्या. एका चिमणीचा तुकडा जवळच्या शाळेने मैदानात घसरगुंडी म्हणून ठेवला.

आकिमोतोंनी या चिमण्यांवर गोष्ट लिहिली. र्योत्सुच्या शाळेच्या दिवसांतली, बदलीवर आलेल्या एका बाईंची. तिच्यात काय होतं ते मी सांगत नाही, त्यासाठी तर हे पत्र आहे. एवढंच सांगतो की ज्या मालिकेत दर पानाला कुणीतरी छपरावरून पडतं, तिच्यात ही गोष्ट अचानक हळू चालायला लागते. तोच जाड भुवईचा गडी, पण पोरसवदा. चित्रांत आभाळ मोठं झालेलं. विनोद आहेत, पण बेताचे.

ती मी पहिल्यांदा शब्दकोश घेऊन वाचली निशी-कासाईच्या खोलीत, आणि वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सेंजु नव्हतंच. आमच्या चाळीच्या गॅलरीतून गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या. मी शाळेत जायला लागलो तोवर त्यांतून धूर यायचा थांबून जमाना झाला होता. १९८२ च्या संपानंतर माझे आजोबा कामावर परत गेलेच नाहीत. तरी चिमणी उभी होती आणि आजोबा संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तिच्याकडेच तोंड करून बसायचे. मग एक दिवस ती गेली, तिथे टॉवर आला. आजोबांनी खुर्ची फिरवली, रस्त्याकडे. कुणी काही विचारलं नाही. आता मला सांगा, फार स्थानिक असलेली ती सेंजुची चिमणी मला कशी कळली?

स्थानिक म्हणजे परक्याला बंद, हे गणित मला पटत नाही. बंद काय असतं तर गुळमुळीत केलेलं. डोरेमॉन २०१३ साली इंग्रजीत डिजिटल रूपात आलं तेव्हा नोबिताचा ‘नोबी’ झाला आणि जियानचा ‘बिग जी’. मुंबईतलं शेंबडं पोरदेखील नोबिताला नोबिताच म्हणतं, त्याला काही अडत नाही. र्योत्सुचं तसलं काही करू नका. हात जोडून सांगतो, त्याला ‘रॉय’ करू नका.

दुसरी निवड, हिगुराशी नेरुओ. हा त्याच पोलीस खात्यातला हवालदार. आडनाव खरं जपानी आडनाव, पण नावात गाढ झोपणारा माणूस लपलेला. मराठीत झोपाजीराव म्हणा. हा चार वर्षं झोपतो आणि ऑलिम्पिकच्या वर्षी एकदाच उठतो. उठला की अंगात अचाट शक्ती असते, सगळ्या गावाची पळापळ होते, आणि तो परत झोपतो. १९८० पासून आकिमोतोंनी हे व्रत पाळलं. प्रत्येक ऑलिम्पिकला एक गोष्ट. एखादा विनोद चार वर्षांनी पुन्हा सांगायचा आणि वाचकाने तो लक्षात ठेवायचा, हे दोघांनी मिळून छत्तीस वर्षं केलं. या गोष्टींचा एक स्वतंत्र खंड काढलात तर मध्ये मध्ये न सांगता अख्खा काळ सरकताना दिसेल. झोपण्यापूर्वी एक जग, उठल्यावर दुसरं. मागच्या वेळी चौकीतल्या टेबलावर चकतीचा फोन, यावेळी खिशात मावणारा. हिगुराशीला प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं. नव्या वाचकाची अवस्था तीच असणार, तेव्हा त्याला सोबतही होईल.

बाकीची निवड तुम्ही करा. श्रीमंत नाकागावा, जो महागड्या गाड्यांतून चौकीवर नोकरीला येतो, आणि होंडा, जो एरवी भित्रा ससा आणि मोटरसायकलवर बसला की वाघ, यांच्या दोन-चार चांगल्या गोष्टी कुणीही निवडेल. ऐंशीच्या दशकातल्या खेळण्यांच्या, मॉडेलांच्या आणि व्हिडिओ गेमच्या गोष्टी हव्यातच. जुना जपान बघायला लोक संग्रहालयात जातात. इथे तो किमतीच्या चिठ्ठीसकट मिळतो. कुठली वस्तू कधी आली, तिच्यासाठी रांग कशी लागली, तिची नक्कल कुणी विकली आणि र्योत्सुने तिच्यात किती पैसे बुडवले.

भाषांतर अवघड आहे, मान्य. नावापासूनच. ‘कोचिरा’ म्हणजे नुसतं ‘इकडे’ नाही. फोन उचलून किंवा वायरलेसवर माणूस आपली ओळख देतो तसं ते आहे. ‘कामेआरी बागेसमोरच्या चौकीतून बोलतोय’ असं मराठीत सहज येतं. इंग्रजीत गाडं ‘पोलीस बॉक्स’पाशी अडतं, आणि तो शब्द ऐकून इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेतली निळी पेटी येते. आमच्याकडे ‘चौकी’ हा शब्द आयता आहे. दोन पोलीस, एक टेबल, एक नकाशा, पत्ता विचारायला येणारी माणसं, हरवलेली छत्री. इंग्रजीतही ‘चौकी’ चालते, आमच्या इंग्रजी पेपरांत रोज छापून येते. भाषांतरकाराला सांगा, उसनी घ्या, परत करायची घाई नाही. त्यातही एक मेख आहे. ‘हाशुत्सुजो’ हा शब्द १९९४ च्या कायदाबदलानंतर सरकारी कागदांतून गेला, अधिकृत नाव ‘कोबान’ झालं. मालिकेने मात्र जुनंच नाव शेवटपर्यंत ठेवलं. बॉम्बेचं मुंबई झालं तरी हायकोर्टाच्या पाटीवर बॉम्बेच राहिलं, तसलाच प्रकार.

आणि र्योत्सुची बोली. जुन्या तोक्योतल्या खालच्या गावाची तिखट, ठसकेबाज भाषा. ‘हि’ म्हणायला गेला की ‘शि’ होतं असल्या गमती तिच्यात आहेत. तिला अमेरिकेतल्या कुठल्या तरी मोहल्ल्याची इंग्रजी चिकटवली की संपलंच. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण चांगला भाषांतरकार लय पकडेल, बाकी मागच्या चार पानांत टिपा द्या. कोचिकामेचा वाचक टिपा वाचणारा वाचक आहे. मूळ मालिकेतच निम्मा मजकूर टिपांसारखा आहे.

एक प्रश्न मला इथे मुंबई-पुण्यातच विचारतील, की बाबा, इंग्रजीसाठी एवढा आटापिटा कशाला, मराठीत आणा ना. मराठीत आली तर सोन्याहून पिवळं. पण आमच्या पुस्तकांच्या दुकानात मंगाचं जे कपाट असतं ते सगळं इंग्रजी आहे, शाळेतली मुलं तेच उभ्या उभ्या वाचून काढतात, आणि त्या कपाटात कोचिकामे नाही. तुमचं डिजिटल ‘शोनेन जंप’ भारतात रीतसर मिळतं, त्यातही ती मालिका म्हणून नाही. ज्या पिढीने हा माणूस हिंदीत पाहिला ती आता कमावती झालीय, स्वतःच्या पैशाने खंड विकत घेऊ शकते. तिला कुठे शोधायचा हे माहीत नाही, एवढंच. मराठीचं आमच्यावर सोडा. पुण्यात दरवर्षी शेकड्याने पोरं जपानी भाषेच्या परीक्षा देतात. त्यांतलं कुणीतरी करील. आधी तुम्ही दार तर उघडा.

घाई अशासाठी की २०२६ साली मालिकेच्या सुरुवातीला पन्नास वर्षं होतात. कामेआरीत २०२५ मध्ये या मालिकेचं छोटं स्मारक-संग्रहालयही उघडलंय. परदेशी पाहुणे तिथे जाणार, पुतळ्यांबरोबर फोटो काढणार आणि विचारणार की याचं पुस्तक इंग्रजीत कुठे मिळेल. दुकानदार काय सांगणार? शुएईशाच्या मंडळींनी दुपारी जेवण झाल्यावर जरा पाय मोकळे करत कांदा म्योजिनच्या देवळापर्यंत जावं. २०१६ मध्ये मालिका संपताना आकिमोतोंनी दहा मीटर लांबीची चित्रांची गुंडाळी स्वतः रंगवून तिथे देवाला वाहिली होती. चाळीस वर्षं एका चौकीची चित्रं काढलेल्या माणसाने ती चौकी शेवटी देवाच्या दारात नेली. देवळाच्या पायऱ्यांवर बसून एकदा विचार करा, एवढंच.

मामा आता निवृत्त झालाय, बदलापूरला असतो. मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा चिमण्यांच्या गोष्टीचा खंड बरोबर नेला होता. चष्मा लावून त्याने पान उलट बाजूने उघडलं, मी सरळ करून दिलं. तासभर मी वाचत गेलो, तोडकंमोडकं मराठी करत. मामी फराळाचं ताट ठेवून गेली ते तसंच राहिलं. मध्येच एका पानावर माझं गाडं अडलं, एक शब्द काही केल्या लागेना. मामा थोडा वेळ थांबला, मग चित्रावर बोट ठेवून म्हणाला, “पुढे काय झालं ते दिसतंय रे, पण हा बोलला काय?”

खंड त्याच्याकडेच राहिलाय. ते पान अजून लागलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नायगावच्या हवालदाराचा भाचा
काळाचौकी, मुंबई